दिवसा कॉलेज, रात्री ड्युटी: हे कौतुक आता पुरे

नर्सिंगचे निकाल लागले की जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर एक बातमी हमखास येते. मुलीचा फोटो, पेढा भरवणारी आई, आणि मजकूर ठरलेला: घरची परिस्थिती बेताची, रात्री खासगी हॉस्पिटलात ड्युटी, दिवसा कॉलेज, तरीही फर्स्ट क्लास. 'जिद्दीच्या जोरावर' हे शब्द कुठेतरी असतातच. बातमी व्हॉट्सॲपवर फिरते, आम्ही जुन्या सिस्टर लोक अंगठे देतो आणि विषय संपतो.

मुलीचं कौतुक मलाही आहे. पण अर्धं आयुष्य वॉर्डात आणि उरलेलं मुलींना शिकवण्यात गेलेल्या बाईला ती बातमी वाचताना फोटोतली मुलगी कमी आणि तिचे त्या त्या रात्रीचे पेशंट जास्त दिसतात. तुमच्या आईच्या सलाइनवर लक्ष ठेवणारी सिस्टर सकाळी आठपासून कॉलेजात होती आणि मध्ये तिने जेमतेम दोन तास पाठ टेकली, हे त्यांच्या नातेवाइकांना कुणी सांगितलं होतं का? सांगितलं असतं, तर त्यांनीही पेढा भरवला असता का?

पूर्णवेळ नोकरी आणि पूर्णवेळ नर्सिंगचं शिक्षण एकाच अंगावर घ्यायला लावणं हा त्या मुलीवर आणि तिच्या पेशंटवर एकदमच केलेला अन्याय आहे, असं माझं मत आहे. त्यावर 'नोकरी सोड आणि शीक' हा उपायही फसवा आहे, कारण ज्यांना सोडता येते त्यांनी ती आधीच सोडलेली असते. काम आणि शिक्षण एकत्र चालवायचंच असेल तर कामाचाच काही भाग शिक्षण म्हणून धरा, त्याचे पैसे द्या, आणि वर्षं वाढवा. हे तिन्ही एकत्र हवं. यातलं एकच काहीतरी उचललं की काय होतं ते पुढे सांगते.

आधी तासांचा हिशोब. देशातल्या नर्सिंग शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या भारतीय परिचर्या परिषदेने 2021 मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा नवा सेमिस्टर अभ्यासक्रम आणला, त्यात आठवड्याला 40 तास धरलेले आहेत. थिअरीला 80 टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलची, म्हणजे वॉर्ड पोस्टिंगची, हजेरी 100 टक्के भरून द्यावी लागते. आता दुसरी बाजू. तालुक्याच्या गावातल्या खासगी हॉस्पिटलात 'एट टू एट' चालतं, म्हणजे बारा तास. आठवड्याची एक सुट्टी धरली तरी 72 तास. दोन्ही मिळून 112. आठवड्यात तास असतात 168. रोज सात तास झोप धरली तर 49 गेले, आणि उरले सात. आठवड्याचे सात तास. त्यात एसटीचा प्रवास, अंघोळ, स्वयंपाक, कपडे, जर्नल, केअर प्लॅन, केस स्टडी आणि परीक्षेचा अभ्यास. ड्युटी आठच तासांची असली तर थोडी हवा मिळते, पण बारा तासांची ड्युटी सर्रास चालते हे या व्यवसायातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

म्हणजे हे गणित सुटत नाही. कुठेतरी चोरी होतेच, आणि ती आधी झोपेची होते आणि मग हजेरीची.

झोपेचं आधी बोलू, कारण त्याचं बिल पेशंटच्या नावावर फाटतं. 1997 साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला होता. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची हाताची आणि डोळ्याची सांगड रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकी बिघडते, असं त्यात दिसलं. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्याची मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के. सकाळी सहाला उठून कॉलेज केलेली मुलगी रात्री अकरालाच ही मर्यादा ओलांडून पुढे गेलेली असते, आणि तिची रात्र अजून नऊ तास बाकी असते. अमेरिकेत 2004 साली हॉस्पिटलातल्या नर्सेसच्या कामाच्या तासांवर अभ्यास झाला. शिफ्ट साडेबारा तास किंवा त्याहून लांबली की चूक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट होते, असं त्यात आढळलं. आणि त्या नर्सेस दिवसा कॉलेजला जात होत्या असं नव्हे.

चूक म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून एकच उदाहरण देते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या येतात, एका मिलिलिटरला 40 युनिट आणि 100 युनिट. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या, फॉर्टीची लाल टोपीची आणि हंड्रेडची केशरी टोपीची. पहाटे चार-साडेचारला ट्यूबलाइटच्या उजेडात लाल आणि केशरी यांत फार फरक दिसत नाही. त्यात ट्रेमध्ये टोप्या आधीच काढून ठेवलेल्या असल्या तर विचारूच नका. ऑर्डर आहे दहा युनिटची. हातात आली लाल टोपीची सिरिंज, बाटली हंड्रेडची. दहाच्या खुणेपर्यंत भरलं, टोचलं. पेशंटला गेले पंचवीस. सत्तरीची बाई, रात्री धड जेवलेली नाही. घाम फुटून ती गप्प पडते, आणि शेजारच्या कॉटवरच्यांना वाटतं, चला, झोप लागली एकदाची. जागी असलेली सिस्टर बाटलीचं लेबल आणि सिरिंज शेजारी धरून एकदा बघते. तेवढ्या दोन सेकंदांचं भान झोप आधी खाते, आणि गंमत अशी की झोपाळलेल्या माणसाला आपलं भान गेलंय हे कळतच नाही. मी कितीतरी मुलींना विचारलंय, 'झोप येतेय का?' उत्तर एकच, 'नाही मॅडम, सवय आहे.'

आता हजेरीची चोरी. तिला बाजारात नाव आहे: 'नॉन-अटेंडिंग'. फी भरा, परीक्षेला या, मधल्या काळात तुमची हजेरी आम्ही बघू. खासगी हॉस्पिटलात काम करणाऱ्या, एएनएम (सहायक परिचारिका) झालेल्या किंवा काहीच न झालेल्या मुलीपर्यंत हा निरोप पोचायला वेळ लागत नाही, एजंट पोचवतोच. हे किती खोल जातं ते मध्य प्रदेशात दिसलं. तिथल्या नर्सिंग कॉलेजांत ना इमारत, ना शिक्षक, ना हॉस्पिटल अशा तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने सीबीआयला कॉलेजं तपासायला सांगितली, आणि 2024 च्या मे महिन्यात त्या तपासणीतलेच सीबीआयचे अधिकारी लाचेच्या प्रकरणात पकडले गेले. आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं समजून यावर हसू नये.

हे सांगितलं की आमच्याच क्षेत्रातल्या अनेकांचा पारा चढतो. 'या मुलींना शिकायचंच नसतं, कागद हवा असतो.' मला हे पटत नाही, कारण या मुली कोण आहेत ते मी पाहिलंय. बारावीनंतर थेट कॉलेजात आलेली, वडील फी भरणारी मुलगी सहसा नोकरी करत नाही. नोकरी करते ती सत्तावीस-अठ्ठावीसची बाई. बारावी झाली, लग्न झालं, गावातल्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलात मदतीला लागली. बघून बघून इंजेक्शन द्यायला शिकली, सलाइन लावायला शिकली. लोक तिला सिस्टर म्हणतात, डॉक्टरही म्हणतात, पण परिचर्या परिषदेच्या रजिस्टरला ती नाही. 1949 च्या शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणी कायद्याला पात्र नर्स हवी असते, म्हणून तपासणीच्या दिवशी तिला घरी बसायला सांगतात. दुसरी असते कंत्राटी एएनएम. उपकेंद्रावर लसीकरण, सर्वेक्षण, गरोदर बायांच्या तपासण्या, हे सगळं वर्षानुवर्षं करते. कायम होण्याची आशा सुटली की जीएनएम, म्हणजे तीन वर्षांची नर्सिंगची पदविका, करावीशी वाटते. एएनएमची नोंदणी जीएनएमला प्रवेशासाठी चालते. पण आत गेल्यावर मागच्या कामाचं वजन शून्य. दहा वर्षं बाळंतपणं केलेल्या बाईला पहिल्या वर्षाच्या एकोणीस वर्षांच्या मुलींच्या रांगेत बसून बेड मेकिंगपासून सुरुवात करावी लागते. बेड मेकिंग वाईट नाही. पण तीन वर्षं बिनपगारी बसून ते शिकणं तिला परवडत नाही, म्हणून ती एजंटकडे जाते.

इथे सरकार म्हणेल, आम्ही फी माफ केली की. खरं आहे. जुलै 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्कमाफी शंभर टक्के मिळते. चांगला निर्णय आहे, बारावीतून थेट येणाऱ्या मुलीला त्याचा नक्की उपयोग होतो. पण माझ्या या अठ्ठावीसच्या बाईचा अडसर फीपेक्षा बुडणारा पगार हा आहे. घरात महिन्याला येणारे दहा-बारा हजार तीन वर्षं थांबले तर गॅस, मुलाची शाळा आणि सासऱ्यांची औषधं कुठून यायची? तो दहा-बारा हजारांचा आकडाही मुळात लाजिरवाणा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये खासगी नर्सेसच्या पगाराबद्दल समिती नेमायला लावली. त्या समितीने 50 खाटांखालच्या हॉस्पिटलातही महिना किमान 20,000 आणि 200 खाटांवरच्या हॉस्पिटलात सरकारी नर्सइतका पगार द्यावा, अशी शिफारस केली. केरळमध्ये नर्सेस रस्त्यावर उतरल्या आणि 2018 मध्ये तिथल्या सरकारने किमान 20,000 ची अधिसूचना काढली. आपल्याकडे ओळखीच्या सिस्टरला आकडा विचारून बघा. पगार नीट असता तर निम्म्या मुलींनी दोन वर्षं पैसे साठवून, नोकरी सोडून, सरळ कॉलेज केलं असतं. म्हणजे हा प्रश्न शिक्षणाचा दिसत असला तरी त्याचं मूळ पगारात आहे.

मग मार्ग काय? पहिला मार्ग सगळ्यांना सुचतो: संध्याकाळचं कॉलेज, ऑनलाइन थिअरी, शनिवार-रविवार प्रॅक्टिकल. थिअरीबद्दल माझी हरकत नाही. शरीररचना आणि पोषणशास्त्र रात्री आठ वाजता मोबाइलवर ऐकून समजत असेल तर समजू दे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने सेवेतल्या जीएनएम सिस्टरसाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे पदविकेनंतरची नर्सिंगची पदवी, नव्वदच्या दशकातच सुरू केली. कॉलेजात दोन वर्षांचा असलेला अभ्यासक्रम तिथे किमान तीन वर्षांचा आहे आणि नोंदणी व सेवेचा अनुभव असल्याशिवाय प्रवेश नाही. वर्षं वाढवून, नोकरी चालू ठेवून, प्रामाणिकपणे शिकता येतं हे मान्य करणारी चौकट आपल्या देशात आहेच. फक्त ती वरच्या पायरीवर आहे, खालच्या पायरीवर नाही.

प्रॅक्टिकलची मात्र सूट नको. यात मी जुन्या मेट्रनइतकीच हट्टी आहे. प्रसूतीगृहात डोकं दिसू लागल्यावर पेरिनियमला, म्हणजे योनीखालच्या भागाला, हाताचा आधार कसा द्यायचा, हे व्हिडिओत शंभर वेळा बघितलं तरी हाताला कळत नाही. अनेक वर्षं चालत आलेल्या अभ्यासक्रमात मुलीने स्वतःच्या हाताने 20 नॉर्मल डिलिव्हरी करून केस बुकात लिहायच्या असत. ते वीस कशासाठी होते ते तेव्हाही मुलींना कळत नसे, आणि केस बुकं एकमेकींची बघून भरली जात. पण विसाव्या डिलिव्हरीला हात थरथरत नाही, यासाठी ते वीस असतात.

तर मग तास कुठून आणायचे? तिच्या नोकरीतून. हीच माझी मुख्य सूचना आहे आणि ती नवी नाही. आपल्याकडच्या अनेक तरुण मुली आज त्याच पद्धतीने नर्सिंग शिकायला विमानात बसतायत. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून गावोगाव जर्मन भाषेचे क्लास निघाले. त्या मुली तिथे जाऊन जे करतात त्याला ते लोक 'आउसबिल्डुंग' म्हणतात. तीन वर्षांचं नर्सिंगचं प्रशिक्षण, 2,100 तास वर्ग आणि 2,500 तास प्रत्यक्ष काम. मुलीचा करार हॉस्पिटलशी किंवा वृद्धाश्रमाशी असतो आणि तिला पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो, साधारण हजार युरोंहून जास्त. इंग्लंडनेही 2017 मध्ये नोकरी करत नर्सिंगची पदवी घेण्याची अप्रेंटिसशिप काढली. हॉस्पिटलात मदतनीस असलेली बाई तिथलीच कर्मचारी राहून, पगार घेत, साधारण चार वर्षांत नोंदणीकृत नर्स होते. आपली मुलगी जर्मनीत श्टुटगार्टला पगार घेत शिकते याचं आपण सत्कार करून कौतुक करतो, आणि तीच मुलगी सांगलीत राहिली तर तिला दिवसा विद्यार्थिनी आणि रात्री बिनकागदाची सिस्टर व्हावं लागतं.

आपल्याकडेही एके काळी असंच होतं की, असं कुणी म्हणेल. होतं. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात 1891 मध्ये बाई काशीबाई गणपत शिकायला आल्या आणि प्रशिक्षण घेणाऱ्या पहिल्या भारतीय नर्स म्हणून नर्सिंगच्या पुस्तकांत त्यांचं नाव येतं. पुढे पुण्यात रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये बायकांसाठी सेवासदन ही संस्था काढली आणि तिथल्या बायका, त्यांत कितीतरी बालविधवा, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकल्या. हॉस्पिटलला जोडलेल्या शाळेत राहायला जागा, जेवण, गणवेश आणि हातखर्चापुरतं विद्यावेतन मिळे, म्हणून गरीब घरातली आणि घराने टाकलेली बाई शिकू शकली. विनाअनुदानित कॉलेजांची लाट आली तशी ही व्यवस्था आक्रसत गेली. वॉर्डात काम करून पैसे मिळवणारी विद्यार्थिनी वॉर्डात काम करण्यासाठी पैसे भरू लागली. या उलटफेरावर आपण कधी नीट भांडलोच नाही.

पण त्या जुन्या पद्धतीचं गुणगान मी करणार नाही, कारण तिचा दोषही आम्ही भोगलाय. स्टुडंट्सच्या जिवावर वॉर्ड चालत. रात्री चाळीस पेशंटवर एक सीनिअर स्टुडंट, आणि स्टाफ सिस्टर तीन वॉर्ड मिळून एक. शिकवायला कुणी नाही. जिचं काम तिने करता करता शिकावं, चुकली तर मेमो घ्यावा. उद्या 'कामालाच शिक्षण धरा' असा नियम आला तर खासगी हॉस्पिटलवाले काय करतील ते मला आत्ताच दिसतंय. वीस विद्यार्थिनी घेतील, आठ स्टाफ कमी करतील. म्हणून सूचनेबरोबर दोन कुलुपं हवीत. एक, शिकणाऱ्या मुलीचे शिक्षणाचे तास ड्युटी लिस्टमध्ये स्टाफ म्हणून धरायचे नाहीत, त्या तासांत तिच्याबरोबर नाव नोंदवलेली अनुभवी सिस्टर असलीच पाहिजे. दोन, काम आणि कॉलेज मिळून आठवड्याला 48 तासांच्या वर जायचं नाही, आणि वर्गाच्या आदल्या रात्री नाईट नाही. तास कमी झाले की वर्षं वाढणार, तीनची साडेचार होतील. होऊ देत. एएनएमला तिच्या आधीच्या कामाची परीक्षा घेऊन, हात बघून, काही तासांची सूट दिली तर ती चारही होतील.

डॉक्टर मंडळींचा आक्षेप मी अनेकदा ऐकलाय आणि तो खोटा नाही: 'आम्ही पगार देऊन शिकवायचं, आणि रजिस्ट्रेशन हातात आलं की ती पुण्याला किंवा दुबईला जाणार.' जाणारच. यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे बाँड, आणि मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलच्या कपाटात. माणसाचे कागद अडवून ठेवणं मला वेठबिगारीच्या जवळचं वाटतं. जर्मनीने 2020 पासून याला साधं उत्तर दिलंय. प्रशिक्षणासाठी राज्य पातळीवर एक निधी असतो, त्यात सगळ्याच संस्था पैसे भरतात, शिकवणाऱ्याही आणि न शिकवणाऱ्याही. ज्या शिकवतात त्यांना त्यातून खर्च मिळतो. म्हणजे मिरजेच्या हॉस्पिटलने शिकवलेली सिस्टर पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात गेली, तर पुण्याच्या हॉस्पिटलने तिच्या शिक्षणाचे पैसे आधीच भरलेले असतात. आपल्याकडे हा निधी शुश्रूषागृहाच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना खाटांप्रमाणे गोळा करता येईल. पाच खाटांच्या प्रसूतीगृहावर थोडा भार, तीनशे खाटांच्या कॉर्पोरेट हॉस्पिटलवर जास्त.

सरकारचा वाटा? पैसे नाहीत हे कारण चालणार नाही. 2024 मध्येच राज्याने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली, लोक जिला 'लाडका भाऊ' म्हणतात. बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. मुदत संपल्यावर पुढे काय, हे विचारत कितीतरी प्रशिक्षणार्थी पुढे आंदोलनाला बसले. नर्सिंग शिकणाऱ्या कामकरी बाईला याच मापाने विद्यावेतन दिलं तर चार वर्षांनंतर तिच्या हातात परिषदेची नोंदणी असेल, आणि राज्याला एक नर्स मिळालेली असेल. केंद्रानेही एप्रिल 2023 मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून 157 नवी नर्सिंग कॉलेजं मंजूर केली, खर्च 1,570 कोटी. इमारती उभ्या राहतील. त्यांत शिकायला जिला यायचंय तिचा पगार कोण देणार, हा रकाना त्या हिशोबात नाही.

आमच्या पिढीतल्या मैत्रिणी एक गोष्ट म्हणतात, तीही इथे नोंदवते. 'आम्ही नाही का केलं? रात्री ड्युटी, सकाळी लेक्चर, पुन्हा दुपारी वॉर्ड. मेलो का?' आम्ही नाही मेलो. पण त्या वेळी वॉर्डात किती पेशंट आमच्यामुळे थोडे जास्त आजारी पडले, याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नाही, म्हणून आपण इतक्या निर्धास्त बोलू शकतो. शिवाय तेव्हाच्या वॉर्डात इन्फ्युजन पंप नव्हते, व्हेंटिलेटर नव्हते, एका पेशंटला दिवसाला चौदा औषधं नव्हती. आजच्या आयसीयूत अर्धवट झोपेत काम करणं हे आमच्या जनरल वॉर्डात डुलकी घेण्यासारखं नाही. केंद्राने नेमलेल्या उच्चाधिकार समितीने 1989 मध्ये नर्सला आठवड्याला 40 तासांचंच काम असावं असं सुचवलं होतं. तेव्हा आपण त्यासाठी भांडलो असतो तर आज मुलींना ही गणितं करावी लागली नसती, असं मी या मैत्रिणींना म्हटलं की त्या विषय बदलतात.

आणखी एक. शिकणारी बाई घरी गेल्यावर तिसरी ड्युटी करते, हे धरल्याशिवाय कुठलंच वेळापत्रक खरं नाही. नर्सिंग करणारे ब्रदर हल्ली बरेच आहेत आणि त्यांचेही हाल होतातच, पण नाईट करून आलेल्या ब्रदरला घरात सहसा झोपू देतात. सिस्टरला कुकर लावून मग झोपायचं असतं. सासूबाईंनी 'सुनेला शिकवलं' हे अभिमानाने सांगणं आणि कुकर स्वतः लावणं यात अजून बरंच अंतर आहे. हे सरकारने करायचं काम नव्हे, म्हणून पुढे जाते.

बदल करायचा तर वेळ आत्ताच आहे. 1947 च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी 2023 मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा संसदेने मंजूर केला. नव्या कायद्याखाली अभ्यासक्रमाचे, हजेरीचे, प्रवेशाचे नियम नव्याने लिहिले जाणार. त्यात 'नोकरी करणारी विद्यार्थिनी' ही स्वतंत्र वर्गवारी आली नाही, तर पुढची कित्येक वर्षं ती कागदावर नसेल आणि वॉर्डात असेल, आजच्यासारखीच.

तोवर राज्याच्या परिषदेला एक गोष्ट नवा कायदा न लागता करता येते. कॉलेजच्या तपासणीला जाताना आसपासच्या हॉस्पिटलांच्या महिन्याच्या ड्युटी लिस्ट मागवा आणि कॉलेजचं हजेरीपत्रक शेजारी ठेवा. एकाच नावाची एकाच दिवशी दोन्हीकडे सही दिसली तर मुलीला बाहेर काढू नका. तिला बसवून विचारा, तुला महिन्याला किती मिळालं असतं तर तू ही दुसरी सही केली नसतीस. तो आकडा लिहून घ्या. विद्यावेतन किती असावं याच्या बैठका घेण्यापेक्षा तो कागद मंत्रालयात लवकर उपयोगी पडेल.